चावी कोणी दिली

हे लिहायचा अधिकार मला आहे असं मला वाटत नाही, म्हणून आधीच माफी मागून ठेवतो. मी मेकॅनिकल इंजिनिअरिंगचा विद्यार्थी आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक आहेत, आई अंगणवाडीत मदतनीस आहे. आमच्याकडे लिहिणं म्हणजे रजेचा अर्ज, आणि तोही वडील शेजारच्या गुरुजींकडून लिहून घेत. शिवाय ही हकीकत माझी नाही. सिंगापूरला ज्यांच्या घरी मी भाड्याने राहत होतो, त्यांची आहे. लिहू का, असं विचारलं तेव्हा काका म्हणाले, "लिही. पण घडलं तेच लिही." काकू म्हणाल्या, "आणि माझ्या वजनाबद्दल काही लिहू नकोस." वजनाचा विषय यात कुठेच येत नाही. तरी त्यांनी सांगितलं म्हणून नोंदवतो.

दुसऱ्या वर्षी मला हॉस्टेल मिळालं नाही. यिशुनमध्ये एका मराठी कुटुंबाच्या फ्लॅटमधली स्वयंपाकघराला लागून असलेली खोली मिळाली. घरात काका, काकू आणि तेरा वर्षांची त्यांची मुलगी. ती मला दादा म्हणायची आणि पुढचं सगळं इंग्रजीत बोलायची, तेही वाक्याच्या शेवटी 'लाह' लावायच्या इथल्या इंग्रजीत.

काका जुरोंग आयलंडवर एका रसायनांच्या कारखान्यात सेफ्टी इंजिनिअर. पहाटे कंपनीची बस खाली येऊन थांबायची आणि उशीर झालेल्यासाठी कधीच थांबायची नाही. त्या बेटावर पासशिवाय पाऊल टाकता येत नाही, आणि पास पोलिसांच्या तपासणीनंतर मिळतो. पास गळ्यात असला की काका इंजिनिअर. नसला तर पुलाच्या अलीकडे उभे असलेले एक सभ्य गृहस्थ.

त्यांच्या कामातला एक नियम त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात, मी न विचारता सांगितला. पंप दुरुस्त करायचा असेल तर आधी तो बंद करायचा आणि स्विचवर आपलं लाल कुलूप लावायचं. कुलपाला एक पाटी अडकवायची. पाटीवर "धोका, काढू नका" असं लिहिलेलं असतं आणि आपला फोटो असतो. कुलूप ज्याचं, चावी त्याच्याच खिशात. आपण आत हात घालून बसलोय आणि बाहेरून कोणी पंप चालू केला, असं होऊ नये म्हणून. "चावी दुसऱ्याच्या हातात दिली की नोकरी गेली," काका म्हणाले. "मग ती साहेबाच्या हातात का दिलेली असेना."

त्याच सत्रात आम्हाला लेखन आणि युक्तिवादाचा एक सक्तीचा विषय होता. प्रत्येकाला एक प्रश्न आणि एक बाजू देतात, मग वर्गासमोर उभं राहून बोलायचं. मला आलेला प्रश्न असा: अमेरिकेत शाळेत गोळीबार करणाऱ्या मुलाच्या आईवडिलांवर गुन्हा दाखल व्हावा का? माझी बाजू, व्हावा. माझं इंग्रजी घाबरतं, म्हणून मी आधी मराठीत बोलून बघतो. घरी ऐकायला माणसं होती. जेवताना मी सुरुवात केली.

"म्हणजे पोराने केलं आणि आईबापाला आत टाकलं?" काकूंनी वाढता वाढता विचारलं.

"एका राज्यात दोघांनाही शिक्षा झाली काकू. बंदूक घरातूनच मिळाली होती. नीट कुलपात नव्हती. आणि मुलाचं काहीतरी बिघडलंय हे शाळेने बोलावून सांगितलं होतं."

"कुलूप नव्हतं?" काकांनी पोळीचा तुकडा मोडला. "मग संपला विषय."

"अहो, आईला काय स्वप्न पडतं का, आपला मुलगा असं करेल म्हणून?"

"स्वप्नाचा प्रश्न नाही. प्रश्न कुलपाचा आहे."

विरुद्ध बाजू जे विचारणार तेच मी विचारलं. "आणि त्यांना खरंच माहीत नसेल तर?"

"माहीत नसणं ही सबब नाही," काका म्हणाले. "आमच्याकडे तर ज्याला माहीत नसतं त्याला आधी धरतात."

"पापा, यू सो स्केअरी लाह," मुलगी ताटातून मान वर न करता म्हणाली.

काकांचं वाक्य मी भाषणात जसंच्या तसं वापरलं.

पुढच्या रविवारी काकांनी कामावरून आणलेलं एक लाल कुलूप देवघराखालच्या कपाटाला लावलं. पाटीसकट. त्यामुळे गणपतीच्या बरोबर खाली हेल्मेट घातलेले काका हसताना दिसायला लागले. त्या कपाटात काकूंचे दागिने होते आणि काकांच्या लग्नातली कट्यार होती. लग्नात नवरदेवाच्या हातात टोकाला लिंबू खोचलेली कट्यार देतात, ती. लिंबू का, हे मला आजवर कोणी सांगितलेलं नाही. कट्यारीला धार नव्हती, पण टोक होतं. दर खंडेनवमीला ती बाहेर यायची. पाना, लॅपटॉप आणि काकूंचा मिक्सर यांच्या शेजारी तिला हळदकुंकू लागायचं, आणि मग ती परत आत जायची.

"इतकी वर्षं उघडंच होतं की," काकू म्हणाल्या.

"याच्या भाषणाने डोळे उघडले," काका म्हणाले. मला संकोच वाटला. माझ्या भाषणाने कोणाचं काही उघडेल असं मला वाटलं नव्हतं.

जुलैत इथल्या शाळांमध्ये एक दिवस मुलं आपापल्या समाजाचा पोशाख घालून जातात. सलोख्याचा दिवस असतो तो. त्याच्या आठवडाभर आधी वर्गशिक्षिकेचा काकूंना फोन आला होता की मुलगी हल्ली फार गप्प असते, घरी काही झालंय का? काकूंनी ते जेवताना सांगितलं.

"गप्प? घरी तर माझं डोकं खाते. मी सांगितलं त्यांना तसं."

"गप्प बसत असेल तर चांगलंच आहे," काका म्हणाले. "मी शाळेत गप्प बसत नव्हतो, म्हणून सारखा अंगठे धरून उभा असायचो."

मुलगी काही बोलली नाही. आम्ही सगळे हसलो. मीही.

त्या दिवशी सकाळी मी पोहे खात होतो. मुलगी हिरवी नऊवारी नेसून तयार होती. काकू आत फोनवर होत्या, दुसऱ्या हाताने खोपा नीट करायला हेअरपिना शोधत होत्या. नथ आणि चंद्रहार कपाटात. काका एका पायात बूट घालून दारात. बस येऊन थांबली होती.

"पापा, द की."

काकांनी खिशातून चावी काढली. क्षणभर हातात धरली. मग तिच्या तळहातावर ठेवली. "दागिने काढ, कुलूप लाव, चावी आईकडे. कळलं?"

"कळलं."

काका लिफ्टकडे पळाले. मी पोहे संपवले.

शाळेत काय झालं ते मी पाहिलेलं नाही, त्यामुळे सगळे जेवढं मान्य करतात तेवढंच लिहितो. मधल्या सुट्टीत, कॅन्टीनमध्ये, तिने कमरेच्या शेल्यातून कट्यार काढली. समोर तिच्या वर्गातल्या काही मुली होत्या. एक किंचाळली. एका शिक्षकांनी येऊन कट्यार मागितली आणि तिने ती मुठीकडून, नीट, त्यांच्या हातात दिली. कोणाला काही लागलं नाही. मग शाळेने पोलिसांना बोलावलं.

मी दुपारी घरी आलो तेव्हा तिघंही शाळेतून परतले होते. मुलगी नऊवारीतच तिच्या खोलीत होती आणि दार बंद होतं. संध्याकाळी पोलीस अधिकारी कपाट बघायला येणार होत्या. माझ्या खोलीला आणि स्वयंपाकघराला एकच पातळ भिंत. ऐकू येऊ नये म्हणून मी पंखा वाढवला. तरी आलं.

"तिने तुमच्या खिशातून घेतली म्हणून सांगा," काकू म्हणत होत्या.

"घेतली नाही. मी दिली."

"अहो, ती लहान आहे. तिला काय करतील? समज देतील, सोडतील. तुमच्यावर केस झाली तर पास जाईल. पास गेला की नोकरी. मग काय करायचं आपण?"

"म्हणून तिला चोर ठरवू?"

"चोर कोण म्हणतंय? हट्टी म्हणा, खोडकर म्हणा. सगळ्यांची मुलं करतात."

"सगळ्यांची मुलं खिशातून चावी काढतात आणि शस्त्र घेऊन शाळेत जातात, असं सांगू त्यांना? ते कसं ऐकू येतं बघ जरा. खिशातून काढली म्हणजे आधीपासून ठरवून केलं. मी दिली म्हणजे समोर दिसली आणि घेतली."

हे काकूंच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्याही आलं नव्हतं, आणि मी तर या विषयावर भाषण दिलं होतं.

जरा वेळाने काकूंनी माझं दार वाजवलं. "अरे, सकाळी तू तिथेच होतास ना? तू काही बघितलं नाहीस, हो ना?"

"मी पोहे खात होतो काकू."

"तेच. तू पोहे खात होतास."

अधिकारी बाई तरुण होत्या. बूट बाहेर काढून आत आल्या. काकूंनी चहा विचारला, त्या नको म्हणाल्या. काकूंनी लाडू आणला, त्याचा त्यांनी फोटो काढला नाही. बाकी सगळ्याचा काढला. कपाट, कुलूप, पाटी, पाटीवरचे हसणारे काका. बोलणं इंग्रजीत झालं, मी आठवेल तसं मराठीत लिहितो.

"हे कुलूप कोणाचं?"

"माझं," काका म्हणाले. पाटीवर दिसतच होतं.

"उघडलं कोणी?"

"मुलीने."

"चावी?"

"अहो," काकू मराठीत म्हणाल्या, "जरा विचार करून बोला."

"इंग्रजीत बोला, प्लीज," अधिकारी म्हणाल्या.

"ती मला विचार करून बोलायला सांगते आहे," काकांनी इंग्रजीत सांगितलं. "चावी मी दिली. दागिने काढायला. आत कट्यार आहे हे मला माहीत होतं. मी सेफ्टी इंजिनिअर आहे. चावी द्यायची नसते हेही मला माहीत होतं."

एवढं कोणी विचारलं नव्हतं. अधिकाऱ्यांनी सगळं लिहून घेतलं. मग माझ्याकडे वळल्या. तुम्ही कोण? मी म्हटलं, भाडेकरू. काय बघितलं? काका चावी देताना, मी म्हटलं. काकांनी आधीच सांगून टाकलं होतं, त्यामुळे मला धैर्य लागलं नाही. काकू मात्र माझ्याकडे असं बघत होत्या की जणू दुसरी चावी मीच दिली.

जाताना अधिकाऱ्यांनी काकांना आणखी एक विचारलं. "तिने ते का नेलं, हे तुम्हाला माहीत आहे?"

"नाही."

"तिला विचारलं नाहीत?"

"नाही."

त्यांनी थोडी वाट पाहिली. काका पाटीकडे बघत होते.

चौकशी सुरू राहिली. ती संपेपर्यंत काकांचा बेटाचा पास थांबवला. कंपनीने त्यांना शहरातल्या ऑफिसात बसवलं, आणि निकाल विरुद्ध गेला तर आम्हालाही काही करता येणार नाही, असंही सांगून ठेवलं. काकांची उठायची वेळ बदलली नाही. पहाटे खाली उतरायचे, सहकाऱ्यांशी बोलत उभे राहायचे, बस आली की सगळ्यांना चढवून द्यायचे आणि ती गेली की एमआरटीच्या, म्हणजे मेट्रोच्या, स्टेशनकडे चालायला लागायचे. ऑफिस उघडायला तेव्हा बराच अवकाश असायचा.

घरी फ्रीजवर एक पांढरा फळा होता. एरवी त्यावर दूध, कोथिंबीर असं लिहिलेलं असायचं. काकांनी तो पुसला आणि कामावर अपघात झाल्यावर करतात तशी चौकशी मांडली. प्रत्येक उत्तराला पुन्हा का विचारायचं, अशी ती पद्धत आहे. शस्त्र शाळेत का गेलं? कपाट उघडलं म्हणून. कपाट का उघडलं? चावी दिली म्हणून. का दिली? बस चुकेल म्हणून. बस का चुकत होती? उशीर झाला म्हणून. उशीर का झाला? बूट सापडत नव्हता.

"म्हणजे सगळं बुटामुळे झालं," काकू म्हणाल्या आणि खाली कोथिंबीर लिहिली.

मला त्यात एक प्रश्न दिसत नव्हता. अधिकाऱ्यांनी जाताना विचारलेला. काही आठवडे मी गप्प राहिलो, कारण मी भाडेकरू. मग एकदा इमारतीखालच्या मोकळ्या जागेत काका एकटेच बाकावर बसलेले दिसले आणि मी विचारलं. "काका, तिला विचारलंत का? का नेली ते?"

"नाही."

"का?"

समोर दोन म्हातारे पट मांडून खेळत होते. "विचारलं तर ती सांगेल," काका म्हणाले. "खोटं बोलायची नाही. माझ्यावर गेली आहे. तिने सांगितलं की मला माहीत होईल. उद्या त्या बाईंनी पुन्हा विचारलं तर मला सांगावं लागेल. मला माहीतच नसेल, तर तिच्याविरुद्ध एक साक्षीदार कमी."

समोरच्या एका म्हाताऱ्याने सोंगटी सरकवली.

"तुला आठवतंय ना मी जेवताना काय म्हणालो होतो?"

"हो."

"तेच भाषणात घातलंस?"

"हो."

"काय ग्रेड मिळाली?"

"बी."

"बी म्हणजे बरी," काका म्हणाले, आणि आम्ही वर गेलो.

मुलगी शाळेत परत जायला लागली होती. आठवड्यातून एकदा समुपदेशक तिच्याशी बोलायच्या. एका शनिवारी मी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, जेवत होतो, तेव्हा ती येऊन समोर बसली आणि माझ्या ताटातला पापड घेतला.

"दादा, व्हाय ही नेव्हर आस्क मी?"

"कोण?"

"पापा. पोलीस आस्क, काउन्सेलर आस्क, खालची आंटी पण आस्क. ओन्ली ही नेव्हर आस्क."

कारण मला माहीत होतं. पण ते सांगणं माझ्याकडे दिलेलं नव्हतं. मी म्हटलं, "त्यांना भीती वाटते."

तिने पापड खाली ठेवला. "ऑफ मी?"

"नाही गं," मी घाईघाईने म्हणालो. "तू खरं सांगशील, याची."

तिने तो परत उचलला. मग म्हणाली, "सेम थिंग लाह," आणि पापड संपवला. मी चुकीचं बोललो का, हे मला अजून कळलेलं नाही.

खंडेनवमी आली. कट्यार पोलिसांकडे होती. काकूंनी पाट मांडला. पाना, लॅपटॉप, मिक्सर. मधली जागा मोकळी राहिली आणि ती फार मोठी दिसायला लागली. काकांनी कपाटाचं लाल कुलूप काढून तिथे ठेवलं. काकूंनी कुलपाला हळदकुंकू वाहिलं, मुलीने झेंडूचं फूल. नमस्कार करताना तिने वाकून काकांकडे बघितलं. काका कुलपाकडे बघत होते.

जानेवारीत मला हॉस्टेल मिळालं आणि मी निघालो. काकूंनी मेतकूट बांधून दिलं. पोह्यांचा विषय त्यांनी तोवर सोडून दिला होता. जाताना मी निकालाबद्दल विचारलं. काका म्हणाले, "कळेल. त्यांची पण काही पद्धत असेल." गळ्यात अजून पास नव्हता.

नंतर महिना-दीड महिना काही कळलं नाही. विचारायला फोन करणं मला बरं दिसेना. परीक्षेच्या आधी वाचनालयात बसलो होतो, तेव्हा काकूंचा लांबलचक व्हॉइस मेसेज आला. मी बाहेर जाऊन ऐकला. सुरुवातीला त्या रडत होत्या, त्यामुळे मला वाटलं संपलं सगळं. पण त्या आनंदाने रडत होत्या. त्या सकाळी काका आणि मुलीला पोलिसांकडे बोलावलं होतं. मुलीला कडक ताकीद देऊन प्रकरण बंद केलं. तिने समुपदेशकांना आणि त्या पोलीस बाईंना केव्हाच सगळं सांगितलं होतं म्हणे. काकांवर काही नाही. सोमवारपासून पास.

"आणि हे काय म्हणाले माहितीये?" काकूंचा आवाज मध्येच चढला. "म्हणाले, पण मॅडम, चावी मी दिली. पुन्हा! त्या बाई म्हणाल्या, सर, आम्हाला माहीत आहे, प्लीज गो होम. तरी हे बसूनच. शेवटी पोरीने हाताला धरून उठवलं यांना."

मी अभिनंदन कळवलं. अभिनंदन हा शब्द बरोबर आहे का, याचा आधी थोडा विचार केला. मग मुलीला वेगळा मेसेज केला, कशी आहेस? तिचं उत्तर लगेच आलं. ती रोमन अक्षरांत लिहिते, मी इथे देवनागरीत उतरवतो.

"पापा आस्क्ड मी."

"कधी?"

"ऑन द ट्रेन. खातिबच्या आफ्टर. केस क्लोज्ड ना, सो नाऊ पापाला माहीत झालं तरी ओके."

खातिब म्हणजे यिशुनच्या आधीचं स्टेशन. आणि काका आजवर का विचारत नव्हते, ते तिला ठाऊक होतं. कोणी सांगितलं, की तिने ओळखलं, ते मी विचारलं नाही.

"मग तू काय सांगितलंस?"

"ट्रूथ लाह. ते माझ्या साडीला लाफ करत होते, आधीपासून पण. आय वॉन्टेड देम टू बी स्केअर्ड. लिटल बिट."

मी वाचनालयाच्या पायरीवर बसलो होतो. विचारलं, "काका काय म्हणाले?"

ती लिहिते आहे असं बराच वेळ दिसत राहिलं. उत्तर त्यामानाने लहान आलं.

"ही सेड, मला माहीत होतं. फ्रॉम फर्स्ट डे. देन ही सेड, चल, यिशुन आलं."